हॉर्नब्लोअर : पानावरचा आणि पडद्यावरचा

कादंबरीतला मनुष्य पडद्यावर गेला की बिघडतो, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की ती करणाऱ्यालाच थोडे ओशाळल्यासारखे व्हावे. नट देखणा असतो, कथा कापलेली असते, शेवट गोड केलेला असतो, आणि कादंबरीचा भक्त चित्रपटगृहातून बाहेर पडताना 'हा तो नव्हे' असे पुटपुटत असतो. ही तक्रार बहुधा खरी असते आणि बहुधा निरुपयोगीही असते. कारण दोन कला वेगळ्या आहेत एवढे म्हटले की तिचे उत्तर झाले. तथापि सी. एस. फॉरेस्टर याच्या कॅप्टन होरेशिओ हॉर्नब्लोअरच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे, आणि तिचा निकाल इतक्या स्वस्तात लावता येत नाही. पडद्यावरचा हॉर्नब्लोअर खोटा आहे असे म्हणता येणार नाही. तो कादंबरीत आहेच. मात्र कादंबरीत तो जहाजावरच्या खलाशांना दिसतो. वाचकाला दिसतो तो दुसराच.

फॉरेस्टर हा १८९९ साली कैरोत जन्मलेला इंग्रज. 'द हॅपी रिटर्न' ही हॉर्नब्लोअरची पहिली कादंबरी १९३७ साली निघाली. 'अ शिप ऑफ द लाइन' आणि 'फ्लाइंग कलर्स' या दोन १९३८ साली. आणि मग १९६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो या माणसाकडे पुनःपुन्हा परतत राहिला. अपुरी राहिलेली शेवटची कादंबरी १९६७ साली त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाली. फ्रान्सशी, म्हणजे मुख्यतः नेपोलियनशी, इंग्लंडचे जे लांबलचक युद्ध चालले त्या काळातले आरमार हे या पुस्तकांचे क्षेत्र. शिडांची जहाजे, तोफांच्या फैरी, खारवलेले मांस, किडकी बिस्किटे, चाबकाची शिक्षा, पकडलेल्या जहाजामागे मिळणाऱ्या बक्षिसाची आशा—साहसकथेला लागणारा सारा दारूगोळा येथे भरपूर आहे. पण हा दारूगोळा ज्याच्या हाती दिला तो नायक साहसकथेत सहसा न शोभणारा आहे.

'द हॅपी रिटर्न'ची सुरुवात पाहावी. 'लिडिया' हे छत्तीस तोफांचे जहाज घेऊन हॉर्नब्लोअर केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकमध्ये आला आहे. कित्येक आठवडे जमीन दृष्टीस पडलेली नाही. गणित आणि अंदाज यांवर भिस्त ठेवून त्याने जहाज हाकले आहे, आणि एके सकाळी मध्य अमेरिकेचा किनारा नेमका हवा तेथे समोर उभा राहतो. डेकवरच्या लोकांना हा जवळजवळ चमत्कार वाटतो. हॉर्नब्लोअरलाही आतून हायसे वाटते, आनंद होतो. आणि आनंद झाला याचीच त्याला लाज वाटते. कप्तानाने असे हरखून कसे चालेल? म्हणून तो चेहरा कोरा ठेवतो, घसा खाकरतो, आणि काहीच विशेष घडले नाही अशा थाटात आपल्या येरझाऱ्या चालू ठेवतो. त्याचा पहिला लेफ्टनंट बुश हा साधा, निष्ठावंत, कल्पनाशक्तीचा फारसा उपद्रव नसलेला गडी. तो हा चेहरा पाहतो आणि थक्क होतो: काय हा पोलादी मनुष्य!

या एका प्रसंगात सगळा हॉर्नब्लोअर आहे. हा कप्तान पोट सुटत चालले म्हणून आरशासमोर खंतावतो, केस मागे हटू लागले म्हणून खट्टू होतो. आयुष्य समुद्रावर काढूनही बंदरातून निघाल्यावर पहिले काही दिवस त्याला समुद्र लागतो. उंचावर चढायचे म्हणजे त्याच्या पोटात गोळा येतो. सुरांचे ज्ञान त्याला अजिबात नाही; संगीत म्हणजे त्याच्या कानाला एक त्रासदायक गोंगाट. खेड्यातल्या डॉक्टरचा हा मुलगा खानदानी अधिकाऱ्यांच्या सहवासात सदैव अवघडलेला असतो आणि आपले अवघडलेपण कोणाला कळेल या धास्तीने आणखीच ताठ होतो. तो शूर आहे, पण हे सर्व जगाला मान्य असताना एकट्या त्याला मान्य नाही. लढाईच्या आदल्या रात्री आपले हात थरथरले, तोंडाला कोरड पडली, हा पुरावा त्याच्यापाशी असतो, आणि स्वतःविरुद्धच्या खटल्यात तो तेवढाच पुरावा ग्राह्य धरतो. भ्याडपणा उघडा पडू नये म्हणून तो जे जे करतो त्याला बाकीचे लोक पराक्रम म्हणतात.

आता प्रश्न असा की हे पडद्यावर दाखवायचे कसे? कॅमेऱ्याला चेहरा दिसतो. आणि हॉर्नब्लोअरचे सारे आयुष्य चेहऱ्यावर काही दिसू न देण्यात खर्ची पडले आहे. कॅमेरा डेकवर ज्या ठिकाणी उभा राहतो ती जागा बुशची आहे. तेथून जो दिसेल तो पोलादी मनुष्यच दिसणार. म्हणजे पडद्याने हॉर्नब्लोअरवर अन्याय केला म्हणावे, तर त्याने जन्मभर जे सोंग वठवले त्या सोंगावर पडद्याने विश्वास ठेवला, इतकाच तो अन्याय!

१९५१ साली राऊल वॉल्श याने दिग्दर्शित केलेल्या 'कॅप्टन होरेशिओ हॉर्नब्लोअर' या रंगीत चित्रपटात हा विश्वास पुरेपूर ठेवला आहे. पहिल्या तीन कादंबऱ्यांची मिळून एक कथा त्यात केली आहे, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे रूपांतर करण्यात स्वतः फॉरेस्टरचा हात होता. वॉर्नर कंपनीच्या मनात आरंभी एरॉल फ्लिन होता. तो आला असता तर निकाल पहिल्या रिळातच लागला असता. भूमिका गेली ग्रेगरी पेककडे. हा नट उंच, गंभीर, भारदस्त. त्याच्या मौनाला वजन आहे. बाहेरून पाहिलेला हॉर्नब्लोअर उभा करण्यास त्याच्याइतका योग्य मनुष्य मिळणे कठीण होते. तो घसाही खाकरतो. परंतु कादंबरीत ते खाकरणे म्हणजे तोंडून निसटू पाहणाऱ्या वाक्याला ऐन वेळी घातलेला बांध असतो. मागे काय अडवले गेले हे वाचकाला ठाऊक असते. चित्रपटात मागचे पाणी दिसत नाही, नुसता बांध दिसतो, आणि मग तो एका मोठ्या माणसाचा लोभस चाळा वाटू लागतो.

चाबकाच्या शिक्षेचा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. हॉर्नब्लोअरला फटक्यांच्या शिक्षेची घृणा आहे. पण हाताखालच्या अधिकाऱ्याने शिक्षा जाहीर केली की ती मागे घेता येत नाही. घेतली तर अधिकाऱ्याचा शब्द पडतो आणि जहाजावरची शिस्त जाते. कादंबरीतला कप्तान अशा वेळी समोर उभा राहतो, चेहरा दगडासारखा ठेवतो, आणि आतल्या आत स्वतःला ढोंगी म्हणत राहतो. पेकचा कप्तान शिक्षा होऊ देतो आणि मागाहून त्या अधिकाऱ्याला बाजूला घेऊन फटक्यांची निरर्थकता समजावून सांगतो. भाषण चांगले आहे, विचारही उदार आहेत. पण जे मनात होते ते तोंडाने बोलून दाखवताच मनुष्य बदलला. आपल्याशीच भांडणारा कप्तान गेला आणि त्याच्या जागी एक सुधारक आला.

तोच प्रकार 'सदरलंड'च्या शेवटाचा. 'अ शिप ऑफ द लाइन'मध्ये हॉर्नब्लोअर आपले एकटे जहाज चार फ्रेंच जहाजांवर घालतो. त्यांची मोडतोड करतो, पण 'सदरलंड'च्या डोलकाठ्या पडतात, डेकवर प्रेतांचा खच पडतो, आणि अखेर निशाण खाली उतरवावे लागते. शरणागती. कादंबरी तेथेच थांबते. पुढची सबंध 'फ्लाइंग कलर्स' या शरणागतीच्या सावलीत वाढली आहे: हा हल्ला आपण कर्तव्य म्हणून केला, की नौदलप्रमुख लेटन याच्याविषयीच्या मत्सरापोटी केला, ही शंका कैदेत त्याला सोडत नाही. चित्रपटात निशाण उतरत नाही. हॉर्नब्लोअर युक्तीने शत्रूच्या बंदरात शिरतो, तोफा डागतो आणि बंदराच्या तोंडाशी स्वतःचे जहाज बुडवून शत्रूची वाट अडवतो. दृश्य म्हणून हे डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे. पण हरलेल्या माणसाला स्वतःविषयी जे प्रश्न पडतात ते जिंकलेल्याला पडत नाहीत, आणि हॉर्नब्लोअरच्या हातून प्रश्न काढून घेतले की मग हॉर्नब्लोअरचे राहते काय?

लेटनविषयी मत्सर का, हे सांगायचे तर लेडी बार्बरापाशी यावे लागते. आपल्या वाचकाला तिची ओळख करून देणे सोपे आहे. असईच्या रणांगणावर १८०३ साली शिंदे आणि भोसले यांच्या फौजेचा पराभव करणारा जो आर्थर वेलस्ली, त्याची ही बहीण—अर्थात फॉरेस्टरने कल्पिलेली. पनामाहून ती 'लिडिया'वर येते, जखमी खलाशांची शुश्रूषा करते, आणि हॉर्नब्लोअरच्या डोळ्यांसमोर मोठ्या घराण्याचे सारे वैभव दिमाखाने वावरू लागते. तो तिच्यावर प्रेम करू लागतो. पण या प्रेमात तिच्या कुळाविषयीचा दरारा किती आणि ती स्वतः किती, याचा हिशेब त्याला लागत नाही. अगदी जवळीक झालेल्या क्षणी मोलकरीण आत येते आणि तो भानावर येऊन मागे सरतो. त्याला घरची बायको आठवते, आपली पायरी आठवते, बाईच्या भावांचे वजनही आठवते. बार्बरा दुखावते. या माघारीत नीती किती आणि भीती किती, हे फॉरेस्टर मोजून देत नाही.

बायको म्हणजे मारिया. ठेंगणी, जाडसर, प्रेमळ, किंचित रडवी, नवऱ्याला देव मानणारी. तिच्याशी तो उभ्या जन्मात एक कठोर शब्द बोलत नाही, कारण त्याचे तिच्यावर प्रेम नाही आणि हे तिला कधी कळू नये यासाठी त्याची धडपड आहे. लढाईत चेहरा कोरा ठेवणारा हा मनुष्य घरी चेहऱ्यावर प्रेम आणून ठेवतो. दोन्ही सोंगांची जात एकच. घरचे सोंग मात्र अधिक महाग पडते. मारिया बाळंतपणात मरते तेव्हा तो फ्रान्समध्ये कैदेतून निसटलेला फरारी आहे आणि तेथे लपून असताना एका तरुण फ्रेंच विधवेच्या मोहात पडून चुकला आहे. इंग्लंडला परतल्यावर त्याला मान मिळतो, पैसा मिळतो, बार्बराकडे जाण्याची वाट मोकळी होते. सगळे मिळते, आणि तोंडाची चव जाते. चित्रपटाने ही गाठ मोठ्या व्यवहारचातुर्याने सोडवली आहे. तेथे मारिया पडद्यावर येतच नाही. कथा अर्ध्यावर येते न येते तोच ती मेल्याचे कळते, आणि फ्रेंच विधवा तर साफच गाळली आहे. राहतो तो एक सच्छील विधुर आणि त्याच्या मार्गातला एक उर्मट नवरा, जो योग्य वेळी मरतो. नायकाचे शील जपण्यासाठी एवढा आटापिटा करणाऱ्यांना हे कळले नाही, की फॉरेस्टरचा नायक वाचकाला प्रिय झाला तो त्याच्या शिलाला पडलेल्या या सुरकुत्यांमुळेच.

आणखी एक गंमत. ज्या माणसाला संगीत म्हणजे गोंगाट, त्याच्या प्रत्येक हालचालीमागे रॉबर्ट फार्नन याचा भव्य वाद्यवृंद वाजत असतो! संगीतरचना उत्तम आहे. पण हॉर्नब्लोअर तो चित्रपट पाहायला बसला असता तर पहिल्या दहा मिनिटांत उठून गेला असता.

पडद्याला मनाचे काही दाखवताच येत नाही असे मात्र नाही. हर्मन वूक याच्या 'द केन म्यूटिनी' या १९५१ च्या कादंबरीतला कॅप्टन क्वीग हाही आतून पोखरलेला कप्तान. १९५४ च्या चित्रपटात हंफ्रे बोगार्टने तो असा उभा केला की साक्षीच्या खुर्चीत बसून हातातल्या पोलादी गोळ्या फिरवणारा क्वीग पाहिलेला मनुष्य तो विसरू शकत नाही. पण क्वीगचा मुखवटा फुटतो. त्याचे फुटणे हीच ती कथा आहे, आणि फुटणारी वस्तू कॅमेऱ्याला चांगली दिसते. हॉर्नब्लोअरचा मुखवटा शेवटपर्यंत फुटत नाही. तसेच पॅट्रिक ओब्रायनच्या कादंबऱ्यांवरून पीटर वियरने २००३ साली 'मास्टर अँड कमांडर' काढला, त्यात कॅप्टन ऑब्री आणि डॉक्टर मॅट्युरिन हे एकमेकांशी वाद घालतात, रात्री व्हायोलिन आणि चेलो घेऊन बसतात. दोघे मित्र असले की एकाच्या मनातले दुसऱ्याच्या कानात ओतता येते आणि ते प्रेक्षकालाही ऐकू येते. हॉर्नब्लोअरला असा कोणी नाही. बुश त्याच्यावर जीव टाकतो, पण हॉर्नब्लोअर त्याच्यापाशी मन मोकळे करीत नाही. करील तर कप्तान राहणार नाही अशी त्याची समजूत आहे. त्या समजुतीत तथ्य किती हा प्रश्न निराळा.

हा एकटेपणा दूरचित्रवाणीवाल्यांना सोसला नाही. १९९८ पासून २००३ पर्यंत इंग्लंडमध्ये हॉर्नब्लोअरचे आठ दूरचित्रपट निघाले. यूआन ग्रिफिथ या वेल्श नटाने तरुण हॉर्नब्लोअर रंगवला. पेकपेक्षा तो मूळ माणसाच्या अधिक जवळ आहे, हे प्रथम कबूल करायला हवे. त्याच्या चेहऱ्यावर संकोच दिसतो, गणित मांडणारी बुद्धी दिसते, आणि नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर समुद्र लागलेला पोरगेला मिडशिपमनही तो विश्वसनीय करतो. पण कथाकारांनी त्याला दोन आप्त बहाल केले. एक कॅप्टन पेल्यू. हा इतिहासातला खरा मनुष्य आणि फॉरेस्टरच्याही कथांत आहे. पण तेथे तो दूरचा वरिष्ठ आहे आणि येथे रॉबर्ट लिंडसेने तो जवळजवळ वडीलच केला आहे. दुसरा आर्ची केनेडी. पुस्तकात हे नाव येते आणि जाते. पडद्यावर तो जिवलग मित्र होतो.

या आप्तांची किंमत काय पडली हे 'मिस्टर मिडशिपमन हॉर्नब्लोअर' या १९५० च्या पुस्तकातल्या दोन गोष्टींवरून दिसते. पहिल्या गोष्टीत सतरा वर्षांचा हॉर्नब्लोअर सिम्पसन नावाच्या वयस्क, गुंड मिडशिपमनच्या छळाने आत्महत्येच्या काठाशी आला आहे. द्वंद्वयुद्धाचा योग येतो. सिम्पसन नेमबाज, सरळ लढतीत आपला टिकाव लागणार नाही. तेव्हा हा मुलगा शांतपणे हिशेब करतो आणि अट घालतो: दोन पिस्तुले, त्यांतले एकच भरलेले, कोणते ते कोणालाच ठाऊक नाही, आणि अंतर एका याराचे. म्हणजे मरणाची शक्यता निम्मी. आजच्या हालांपेक्षा निम्मी शक्यता बरी! या थंड हिशेबाने अंगावर काटा येतो, कारण त्यात शौर्य आहे की जिवाचा कंटाळा आहे हे ठरवता येत नाही. चाप ओढले जातात आणि बार निघत नाही. कप्तानाने गुपचूप दोन्ही पिस्तुले रिकामी ठेवायला लावली होती, हे मागाहून कळते. पडद्यावर काय होते? क्लेटन नावाचा सहकारी हॉर्नब्लोअरला बेशुद्ध करून त्याच्या जागी स्वतः लढायला जातो आणि प्राण देतो. पुढे सिम्पसनशी पुन्हा गाठ पडते. तो वेळेआधी गोळी झाडतो, हॉर्नब्लोअर त्याला उदारपणे सोडून देतो, तो पाठीमागून धावून येतो, आणि दुरून पेल्यू त्याला अचूक टिपतो. गोष्टीचे 'द ईव्हन चान्स', म्हणजे सम संधी, हे नाव तेवढे दूरचित्रपटाने ठेवले. ज्या गणितावरून ते नाव आले ते गणित मात्र काढून टाकले.

दुसरी गोष्ट याहून बोचरी. रात्रीच्या अंधारात होड्या वल्हवत जाऊन फ्रेंच जहाज पळवायचे आहे. आवाज झाला तर सर्वनाश. आणि हॉर्नब्लोअरच्या होडीत हेल्स नावाच्या खलाशाला आकडी येते, तो ओरडू लागतो. हॉर्नब्लोअर सुकाणूचा दांडा त्याच्या डोक्यात घालतो. सगळे फ्रेंच जहाजावर चढतात, जहाज हाती येते. जे काम हेल्सने वर चढून करायचे ते उंचीला भिणारा हॉर्नब्लोअर स्वतः परबाणावरून धावत जाऊन करतो. विजय होतो. होडी मात्र वाहून गेलेली असते, हेल्ससकट. तो आधीच मेला होता की शत्रूच्या हाती पडला, हे कोणी सांगू शकत नाही. अभिनंदनाच्या गडबडीत हॉर्नब्लोअरच्या मनात तेवढेच एक उरते. पडद्यावर आकडी येते ती केनेडीला, आणि होडी आपोआप वाहून जात नाही. दुष्ट सिम्पसन तिचा दोर कापतो. पुढे केनेडी स्पेनच्या तुरुंगात जिवंत सापडतोसुद्धा. म्हणजे हॉर्नब्लोअरच्या माथ्यावरचा दोष उचलून खलनायकाच्या माथी ठेवला, आणि मेलेला मनुष्यही परत आणून दिला. फॉरेस्टरच्या कथेत खलनायकाचे वास्तविक फारसे काम नसते. त्याच्या नायकाला छळायला नायक पुरेसा आहे.

येथे आपण 'लेफ्टनंट हॉर्नब्लोअर'पाशी येतो. ही कादंबरी १९५२ ची, म्हणजे पेकच्या चित्रपटानंतरच्या वर्षातली. बाकीच्या कादंबऱ्या हॉर्नब्लोअरच्या मनात बसून लिहिल्या आहेत. ही एकच बुशच्या डोळ्यांनी लिहिली आहे. चित्रपटाने फॉरेस्टरला ही कल्पना सुचवली असे म्हणण्याला माझ्यापाशी आधार नाही. पण कॅमेऱ्याने जे करायला हवे होते ते त्याने येथे शब्दांत करून दाखवले, हे खरे. 'रिनाउन' जहाजाचा कप्तान सॉयर हा संशयाने वेडा झालेला मनुष्य. वेलर्ड नावाच्या पोराला तो पुनःपुन्हा मारवतो. अधिकारी तळाच्या अंधारात लपून खलबते करतात. एका रात्री सॉयर जिन्याच्या तोंडातून खाली कोसळतो. जवळपास होते हॉर्नब्लोअर आणि वेलर्ड. पडला की पाडला? बुश प्रश्न विचारतो, हॉर्नब्लोअरची उत्तरे तयार असतात. जरा जास्तच तयार. बुशला कुठेतरी टोचते आणि तो ते बाजूला सारतो, कारण त्याला हा तरुण आवडू लागला आहे. पुढे सॉयर स्पॅनिश कैद्यांच्या उठावात मारला जातो, वेलर्ड बुडून मरतो, आणि खरे काय ते सांगणारा एकच मनुष्य उरतो. तो कधीच सांगत नाही. बुशची नजर पाहते, चुकते, अंदाज बांधते, प्रेमापोटी आंधळीही होते. बाहेरून पाहूनही आतला मनुष्य जाणवून देता येतो याचा हा पुरावाच आहे. मात्र त्यासाठी पाहणारा मनुष्य असावा लागतो.

२००१ सालच्या दोन दूरचित्रपटांनी हीच कथा घेतली, आणि काय केले पाहा. तेथे कथा बुशची नाही. हॉर्नब्लोअर जमेकातल्या तुरुंगात आहे, पेल्यू त्याला भेटायला येतो, आणि घडलेले आपल्यापुढे येते ते हॉर्नब्लोअरच्या आठवणीतून. म्हणजे जेथे फॉरेस्टर आत होता तेथे पडदा बाहेर उभा राहिला, आणि जेथे फॉरेस्टर जाणूनबुजून बाहेर थांबला नेमके तेथेच पडद्याला आत शिरण्याची बुद्धी झाली! डेव्हिड वॉर्नरचा सॉयर भयंकर आहे, एकाच वेळी कीव आणि दहशत वाटावी असा. पॉल मॅगॅनचा बुशही थेट पुस्तकातून उठून आल्यासारखा. धक्का कोणी दिला हे या दूरचित्रपटांतही उघड दाखवलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. पण न्यायालयात जखमी केनेडी उठून दोष आपल्या अंगावर घेतो आणि मित्राला वाचवून मरतो. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते, आणि त्या पाण्यात मूळ प्रश्न वाहून जातो. कादंबरीतल्या बुशला आयुष्यभर एका अशा माणसाच्या हाताखाली राहायचे आहे ज्याने कदाचित आपल्या कप्तानाला ढकलले असेल. तो राहतो, आणि सुखाने राहतो. हा भाग मला सबंध मालिकेतला सर्वांत धीट भाग वाटतो.

एवढे सगळे म्हटल्यावर एका ठिकाणी मात्र पडद्याचे मोकळ्या मनाने अभिनंदन केले पाहिजे, आणि ते ठिकाण तोफांच्या धुरातले नाही. १८०२ च्या तहानंतर बेकार झालेला हॉर्नब्लोअर पोर्ट्समथमध्ये पत्ते खेळून पोट भरतो. थंडीत अंगावर धड कोट नाही. घरमालकिणीची मुलगी मारिया गुपचूप त्याच्या खिशात अर्धा क्राउन सरकवते. पुढे त्याला जहाज मिळते, तो जाणार म्हणून तिला रडू आवरत नाही, आणि ते रडणे न पाहवून तो लग्नाची गोष्ट काढून बसतो. निव्वळ दयेपोटी! १९६२ च्या 'हॉर्नब्लोअर अँड द हॉटस्पर'ची सुरुवातच या लग्नाने होते. २००३ च्या शेवटच्या दोन दूरचित्रपटांत हे सारे आहे, आणि जुलिया सवाला हिने मारिया अशी केली आहे की पेकच्या चित्रपटात जिला पडद्यावर यायलाही मज्जाव झाला होता त्या बाईची पन्नास वर्षांनी भरपाई व्हावी. तिचा आनंद किंचित जास्त मोठ्याने हसतो, तिचे हात नवऱ्याच्या बाहीवर किंचित जास्त वेळ रेंगाळतात. आणि तिच्याकडे पाहणाऱ्या ग्रिफिथच्या चेहऱ्यावर ममता, कीव, पश्चात्ताप आणि पळून जाण्याची इच्छा यांची जी ओढाताण होते ती पाहताना प्रथमच वाटते की कॅमेऱ्याला आतला माणूस सापडला. येथे कॅमेरा बुशच्या जागेवरून हलला आहे आणि मारियाच्या शेजारी जाऊन बसला आहे. तिला जे दिसत नाही ते आपल्याला दिसते.

हे सूत्र धरून पुढे गेले असते तर बरेच काही हाती लागले असते. मारियाच्या मुलांचे देवीने मरण, लेटनची बायको झालेली बार्बरा, 'सदरलंड'ची शरणागती, फ्रान्समधला तो हिवाळा—हा सारा ऐवज ग्रिफिथच्या वयाची वाट पाहत पुस्तकांत पडून होता. पण मालिका २००३ मध्ये थांबली. त्यामुळे 'लॉर्ड हॉर्नब्लोअर' या १९४६ च्या कादंबरीपर्यंत पडदा पोचलाच नाही. त्या कादंबरीत सीन नदीवर दारूगोळ्याने भरलेल्या फ्रेंच तराफ्यांवर छापा घालायला हॉर्नब्लोअर बुशला पाठवतो, आणि झालेल्या स्फोटात बुश नाहीसा होतो. हॉर्नब्लोअर तेव्हा सरदार आहे, प्रसिद्ध आहे, बार्बराचा नवरा आहे. त्याने या माणसाला कधी एकदाही सांगितले नव्हते, की सकाळच्या येरझाऱ्या घालताना आपल्याला काय काय वाटत असे.